माईंना कुणी हटकू नये

गेल्या वर्षी मी माझ्या सासूबाईंना भाड्याच्या ट्रकमध्ये बसवून देशाबाहेर काढायला निघालो होतो. हे वाचून तुमचं माझ्याविषयी जे मत झालं असेल, ते साधारण बरोबर आहे. पुढे वाचाल तसं ते आणखी खाली जाईल. पण मन मोकळं केल्यावाचून मला आता राहवत नाही.

सासूबाई म्हणजे माई. वय अठ्ठ्याहत्तर, ठेंगणा बांधा, करकरीत आवाज. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी उभी हयात भूलतज्ज्ञ म्हणून काढली. निम्म्या बर्मिंगहॅमला त्यांनी कधी ना कधी झोपवलेलं आहे. (मला मात्र त्यांच्यासमोर बसलं की जांभईसुद्धा येत नाही. येते, पण मी गिळतो.) सासरे गेल्यावर त्या मोठ्या घरात एकट्या राहिल्या. मग त्यांचा गुडघा आणि घराचा जिना यांचं बोलणं बंद झालं, घर विकायचं ठरलं, आणि माईंनी कुणाकडे राहायचं हा प्रश्न उभा राहिला.

मुली दोन. थोरली वैशाली, म्हणजे माझी बायको. आम्ही लंडनला, हाउन्सलोमध्ये राहतो. धाकटी शिल्पा डब्लिनला. ती डॉक्टर, नवरा डॉक्टर, आणि पदरी तीन वर्षांची जुळी मुलं. आमच्या घरात तळमजल्यावर एक खोली आहे. शेजारीच बाथरूम, जिना चढायला नको. जणू माईंच्या गुडघ्याचं माप घेऊन बांधलेली. पण ती माझी 'स्टडी' होती. मी तिथे घरून काम करायचो. तिथे माझं टेबल होतं, आणि एक ट्रेडमिल होतं, ज्यावर मी नियमितपणे शर्ट वाळत घालत असे. थोडक्यात, घरात ट्रेडमिलला जागा होती, सासूला नव्हती.

हे असं तोंडाने म्हणता येत नाही. म्हणून व्हिडिओ कॉलवर सगळे जमल्यावर मी हवेचा विषय काढला.

"माई, हाउन्सलोची हवा काही खरी नाही हो. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं. त्यापेक्षा डब्लिनला बघा, समुद्र आहे, हिरवळ आहे, माणसं किती प्रेमळ!" (मी डब्लिनला कधीही गेलेलो नव्हतो.)

"ये ना आई!" शिल्पा तिकडून म्हणाली. "मुलं तुझी वाट बघतायत गं!"

(मुलं कुणाचीच वाट बघत नव्हती. त्यांना सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती आणि शिल्पा वाट बघत होती.)

मी वैशालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." लग्नाला इतकी वर्षं झालेल्या कुठल्याही नवऱ्याला हे वाक्य ऐकू आलं की त्याने आपलं म्हणणं तत्काळ मागे घ्यायचं असतं. मी ते पुढे रेटलं. माई म्हणाल्या, "बरं." झालं, ठरलं. एका घराला आई परवडत नव्हती आणि दुसऱ्याला आया परवडत नव्हती, असा तो दोन्ही बाजूंच्या सोयीचा तह होता.

आता अपराधी वाटायला लागलं की माझ्या अंगात हमालाचं बळ येतं. मी जाहीर केलं, "मूव्हर्स वगैरे काही नको! माईंचं सामान मी स्वतः नेईन. ट्रक भाड्याने घेतो, फेरीबोटीवर चढवतो आणि थेट शिल्पाच्या दारात!"

"तू?" वैशाली म्हणाली. "तुला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये छोटी गाडी लावताना दोन जागा लागतात."

"ट्रकला तशाही दोन लागतात," मी म्हणालो.

इथे एक कायदा सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावर आहे. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यापासून बर्मिंगहॅमचा सोफा डब्लिनला नेणं ही निर्यात झाली आहे. सूट एकच. सोफ्याचा मालक जर कायमचा तिकडे राहायला जात असेल, तर तो सोफा 'घरचं सामान'. मालक नुसता जाऊन येणार असेल, तर तोच सोफा 'माल', आणि माल ट्रकसकट मागे. मी सगळी परवानगी काढून ठेवली होती. घराच्या किल्ल्या निघायच्या दिवशीच नव्या मालकांसाठी सोडायच्या होत्या. म्हणजे ट्रक मागे फिरला, तर माईंना जायला जगात एकच जागा उरत होती. माझी स्टडी.

ट्रक मिळाला तो पांढरा, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर सामानाचा खण पुढे आलेला. त्यामुळे तो आमच्या शाळेच्या हेडमास्तरांसारखा दिसत होता. कपाळ आधी वर्गात यायचं, सर नंतर. तो घेऊन मी आणि वैशाली बर्मिंगहॅमला पोचलो. सामान चढवताना सगळ्यात जड निघालं ते माईंचं लोखंडी कपाट. ते लग्नानंतर पुण्याहून बोटीने आलेलं होतं. जे ठेवायचं ते माई उजव्या दारातून आत सारत, कारण डावं दार ब्रिटनच्या गेल्या पाच पंतप्रधानांपासून उघडलेलं नव्हतं. (म्हणजे फार काळ नव्हे.) दोन शेजारी, मी आणि माझी कंबर अशा चौघांनी ते चढवलं. चौथी अजून परत कामावर रुजू झालेली नाही.

निघायची वेळ झाली. माई तयार होऊन आल्या. नऊवारी नव्हे, पण नेसणं कडक. वरून फुगीर कोट, पायात पांढरे ट्रेनर बूट. वैशालीने त्यांच्या हातावर दही ठेवलं, त्यांनी तिच्या ठेवलं, मग दोघींनी माझ्या ठेवलं. माई दारात उभ्या राहिल्या, रिकाम्या घराकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "येते हं."

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी हसून म्हणालो, "अहो माई, घर विकलं की. आता येता कुठे?"

माईंनी जोडलेले हात खाली घेतले.

"हटकलंत," माई म्हणाल्या.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे' हा शब्द विचारत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. विचारलं की काम होत नाही. मग पायातलं काढायचं, परत आत जाऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. आणि 'कुठे' तर मुळीच नाही.

"माई, तुम्ही एवढ्या डॉक्टर असून!"

"डॉक्टर आहे म्हणूनच, मिलिंदराव. ऐन वेळी काय काय फिसकटतं ते मी टेबलापाशी उभं राहून बघितलंय. चला आत."

आत खुर्ची नव्हती. तिघं जिन्यावर एकाखाली एक बसलो. पेले ट्रकच्या तळाशी गेलेले. दह्याच्या वाटीतून आळीपाळीने नळाचं पाणी प्यायलो. उठलो. "येते हं." दार ओढलं. फाटकापर्यंत पोचतो तोच शेजारच्या मार्गारेटबाई कुंपणावरून डोकावल्या.

"ओ डॉक्टर! आज निघालात का? व्हेअर आर यू ऑफ टू, देन?"

माई वळल्या. मी म्हटलं, "माई, ते इंग्रजीत आहे!"

"'कुठे' कुठल्याही भाषेत 'कुठे'च," माई म्हणाल्या.

(हे त्यांनी स्वतःच दोनदा म्हटलं, पण ते मोजायचं नसतं, असं वैशालीने मला कोपराने सांगितलं.)

पुन्हा आत, पुन्हा जिना, पुन्हा वाटी. उठलो. ह्या वेळी मी शहाणपणा केला. दार लावलं आणि किल्ल्या ठरल्याप्रमाणे दाराच्या फटीतून आत टाकून दिल्या, म्हणजे परतीचा मार्गच बंद! तिघं ट्रकमध्ये चढलो. मी विजयी मुद्रेने फोनवर नकाशा उघडला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटलं, 'व्हेअर टू?'

"हे काय लिहिलंय?" माईंनी चष्मा वर केला.

"काही नाही, जाहिरात आहे."

"मला वाचता येतं, मिलिंदराव."

"अहो, ते मशीन आहे!"

"मग मशीनला रीत नको?"

घर तर बंद झालेलं. म्हणून आम्ही मार्गारेटबाईंच्या सोफ्यावर जाऊन बसलो. पाणी मागितल्यावर त्या म्हणाल्या, नॉन्सेन्स, निघायच्या दिवशी पाणी काय, आणि त्यांनी बादलीएवढ्या मगांमधून चहा आणला. तो संपेपर्यंत मी घड्याळाकडे आणि वैशाली माझ्याकडे बघत होती. दोन्ही नजरांत प्रेम नव्हतं.

शेवटी इंजिन सुरू केलं, तेवढ्यात आमच्या लेकीचा, ईशाचा फोन आला. ती युनिव्हर्सिटीत असते. जन्म इथलाच, मराठी गोड, पण त्यातलं लिंग ज्याचं त्याने ओळखून घ्यायचं. स्पीकरवर तिचा आवाज घुमला, "आजी! तू कुठे चालला?"

व्याकरण माईंनी माफ केलं. शब्द केला नाही. पण आता त्यांनाही दमल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी तडजोड मान्य केली. इंजिन बंद करायचं, पायातून ट्रेनर काढायचे, बसल्या जागी बाटलीभर पाणी प्यायचं. आम्ही तसं केलं. मग एकदाचे निघालो, बर्मिंगहॅमहून वेल्सच्या टोकाला होलीहेड बंदराकडे, पोटात पाण्याचा तलाव घेऊन.

त्या तलावाने पुढे काय केलं, हे सुज्ञांना सांगायला नको. मोटरवेवर खाण्यापिण्याचे आणि स्वच्छतागृहांचे थांबे असतात, त्या सर्व्हिसेस, जितक्या लागल्या तितक्या आम्ही पाहिल्या. माईंसाठी थांबलो की वैशालीला जायचं असे, वैशालीसाठी थांबलो की मला, आणि मी परत येईपर्यंत माईंना.

"बोट चुकेल!" मी ओरडलो.

"हटकलं नसतंत तर प्यायलो नसतो," माई शांतपणे म्हणाल्या.

शेवटच्या सर्व्हिसेसमध्ये मी घाईघाईत ट्रक मोटारींच्या पार्किंगकडे वळवला. आत शिरताना वरून एक आडवा दांडा टांगलेला होता, त्यावर उंची लिहिलेली होती. मी ती वाचली. माझी उंची मनात धरून वाचली. हेडमास्तरांचं कपाळ त्या दांड्यावर असं आपटलं की अख्ख्या पार्किंगमधल्या लोकांनी सँडविच खायचं थांबवलं. मागे सामानात काहीतरी घर्रर्र करत सरकलं, आणि मग एक मोठा, लांबलचक, लोखंडी 'खणण्'.

"कपाट," माई म्हणाल्या.

मी खाली उतरून बघितलं. ट्रकच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. मागचं शटर उघडून बघायला वेळ नव्हता. म्हटलं, डब्लिनला गेल्यावर बघू! आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी डब्लिनवर ढकलत होतो, त्यात ही एक.

होलीहेडला पोचलो तेव्हा गाड्यांची रांग बोटीत चढायला लागली होती. बोट एवढी जवळ दिसत होती की हात लांब केला असता तर लागली असती. मी मनात स्टडीतल्या टेबलाला कुरवाळलं. तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेल्या एका धिप्पाड वेल्श बाईंनी हात करून आम्हाला बाजूला घेतलं. सामानाची तपासणी करणाऱ्या अधिकारी त्या. चेहरा हसरा, हातात टॉर्च.

"हाउस मूव्ह, सर? जरा मागचं उघडता का?"

मी शटर वर केलं. आतून कपाटाच्या डाव्या दाराने आमचं स्वागत केलं. पाच पंतप्रधानांना जे जमलं नव्हतं ते एका दांड्याने केलं होतं. दार सताड उघडं, आणि आतला माल सोफ्यावर सांडलेला. सगळे बंद खोके. कोरे करकरीत. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

बाईंनी टॉर्च फिरवला. टोस्टर. गळ्याभोवती गुंडाळायची इलेक्ट्रिक उशी. सुगंधी मेणबत्त्यांचा संच. आणि मग पायांना मालिश करायचं यंत्र. त्याच्या शेजारी पायांना मालिश करायचं यंत्र. त्याच्याखाली पायांना मालिश करायचं यंत्र.

"सर," बाई म्हणाल्या, "तुम्ही दुकान चालवता का?"

"नाही, नाही! ह्या भेटी आहेत. वाढदिवसाच्या."

"कुणी दिलेल्या?"

"मी."

"तिन्ही?"

"ऑफर होती," मी म्हणालो. "एकदमच घेऊन ठेवली होती."

वैशाली हळूच खाली उतरून माझ्यामागे उभी राहिली होती. तिने एक खोका उचलून वाचलं, 'प्रिय माईंना, मिलिंदकडून, खूप प्रेमाने.' दुसरा उचलला. तेच. अक्षरसुद्धा तेच, कारण मी चिठ्ठ्याही एकदमच लिहून ठेवल्या होत्या.  मग तिने तिन्ही खोके एकावर एक, नीट, माझ्यासमोर रचले.

"बघा सर," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "वापरलेलं सामान हे घरचं सामान. कोरे खोके असले की मला विचारावं लागतं. ह्या सगळ्याचा मालक कोण?"

माई खिडकीत बसल्या होत्या, कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून. मी बोट दाखवलं तशा बाई तिकडे गेल्या. मी मागोमाग धावलो.

"हॅलो मॅडम. तुम्ही आयर्लंडला परमनंटली राहायला जाताय ना?"

"मी जाऊन येणार आहे," माई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायांखालची बंदराची जमीन बंदरात जाऊ लागली.

"माई!" मी मराठीत कुजबुजलो. "परमनंट म्हणा! नुसतं परमनंट म्हणा!"

"कायमची जाते असं जिवंत माणूस म्हणत नाही, मिलिंदराव."

"काय म्हणतायत त्या?" बाईंनी विचारलं.

"त्या हो म्हणतायत," मी म्हणालो.

"आय डिड नॉट से यस," माई म्हणाल्या. ज्या आवाजात त्या सर्जनला 'पेशंट तयार नाही' म्हणून सांगत असतील, त्या आवाजात. इंग्रजी ही माझी आणि त्या बाईंची खाजगी भाषा आहे, असं मला का वाटलं होतं कुणास ठाऊक! मी शाळेत 'सी-ए-टी कॅट' करत होतो तेव्हापासून माई ह्या देशात लोकांना इंग्रजीत बेशुद्ध करत होत्या.

"ऑफिसर," माई पुढे म्हणाल्या, "मी एवढ्या लोकांना भूल दिली, पण एकालाही 'यू आर गोइंग' म्हटलं नाही. 'सी यू इन अ मिनिट' म्हणायची. भूल घेताना माणसाला परत यायचं ठिकाण लागतं."

बाईंनी टॉर्च बंद केला. मागे बोटीवर गाड्या चढत होत्या. मी घायकुतीला आलो. म्हटलं, "अहो माई, हे नुसतं सरकारी 'कायमचं' आहे! कागदापुरतं! पुढच्याच महिन्यात या की परत राहायला, हवे तितके दिवस!"

"कुठे?" माई म्हणाल्या.

वैशालीने दचकून माझ्या दंडाला धरलं. माईंच्या तोंडून हा प्रश्न, तोही निघालेल्या वाटेवर, आम्ही जन्मात ऐकला नव्हता.

"सकाळपासून येते, येते म्हणतेय मी," माई म्हणाल्या. "घर विकलं. कुठे येऊ ते सांगा."

मी तोंड उघडलं. हवा, विमानं, समुद्र, हिरवळ, सगळे मुद्दे तोंडाशी येऊन दाटीने उभे राहिले आणि एकही बाहेर पडेना. तोंड तसंच उघडं ठेवून मी बोटीकडे बघत राहिलो, जणू ती काही सुचवेल.

सुचवलं त्या वेल्श बाईंनी. खिडकीवर कोपर टेकवून त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला जायचंय तरी कुठे, लव्ह?"

आता परत ट्रेनर काढावे लागणार, म्हणून मी पाण्याची बाटली शोधायला लागलो. पण माई हलल्या नाहीत.

"हाउन्सलो," त्या म्हणाल्या. ताबडतोब. विचार न करता. जणू कित्येक महिने ओठांवरच ठेवलं होतं.

"हाउन्सलो?" बाई म्हणाल्या. "मुद्दाम?"

"बस फुकट, ट्यूब रेल्वे दाराशी, पुण्याला जायला विमानतळ हाकेवर. आणि थोरली तिथे आहे." मग वैशालीकडे वळून मराठीत, "शिल्पाला वाईट वाटेल. पण मी जन्मभर लोकांना झोपवलं गं. आता जुळ्यांना झोपवायची ताकद नाही माझ्यात. ती भूल माझ्याकडे नाही."

वैशाली हसायला लागली, आणि हसता हसता तिचं नाक लाल झालं. "मग आई, बोलली का नाहीस आधी?"

"मला विचारलं का कुणी?"

इथे मला एक पळवाट दिसली आणि मी ती सोडली नाही. "माई, पण तुम्हीच तर म्हणता ना, कुठे विचारू नये म्हणून!"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. भूल उतरत असलेल्या पेशंटकडे बघावं तसं, आता ह्याला शुद्ध येईल की अजून थोडा वेळ लागेल अशा अंदाजाने.

"निघताना विचारू नये, मिलिंदराव," त्या म्हणाल्या. "ठरवताना विचारावं."

 त्या वेळी मी एवढंच केलं की माझ्या तोंडाला परस्पर बोलू दिलं. तोंड म्हणालं, "खालची खोली रिकामी करतो." तोंडानेच म्हटलं, माझं मन अजून टेबलाला धरून बसलं होतं. पण वैशालीने ऐकलं होतं, माईंनी ऐकलं होतं आणि एका सरकारी अधिकाऱ्यानेही ऐकलं होतं. तीन साक्षीदार असलेलं वाक्य मागे घेता येत नाही.

शिल्पाला फोन वैशालीने केला. पलीकडून जुळ्यांचं रडणं ऐकू आलं. मग शिल्पा म्हणाली, "अगं पण सोमवारपासून मी मुलांचं काय करू?" आणि पुढच्याच क्षणाला, आपण काय बोललो ते कळून, "म्हणजे... आई बरी आहे ना?" मला फार बरं वाटलं. घरात मी एकटाच तसा नव्हतो.

बोटीने भोंगा दिला आणि ती माझ्या डोळ्यांदेखत सुटली. एवढा मोठा समुद्र, एवढी हिरवळ, इतकी प्रेमळ माणसं, सगळं त्या बाजूला राहिलं. वेल्श बाईंनी आम्हाला बाहेर पडायचा रस्ता दाखवला. पण ट्रक एकदा तपासणीच्या आवारात आला म्हणजे बाहेर सोडतानाही त्यांना बघावं लागतं, असं म्हणत त्यांनी पुन्हा एकदा टॉर्च लावला. सोफा पाहिला. कपाट पाहिलं. मालिशच्या तिन्ही यंत्रांवर प्रकाश टाकून मान हलवली. मग टॉर्च फिरत फिरत माझ्या तोंडावर येऊन थांबला. घामाने ओला शर्ट, कंबरेला धरलेला एक हात, कोपरापर्यंत कपाटाची धूळ.

"आणि हे?" त्यांनी माईंना विचारलं. "हेही सामानातच?"

"पर्सनल इफेक्ट्स," माई म्हणाल्या. "जुनंच आहे. भरपूर वापरलेलं. परत घरी नेतेय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, टॉर्च विझवला आणि फाटक वर करायची खूण केली.

"न्या, न्या," त्या म्हणाल्या. "नो कमर्शियल व्हॅल्यू."